पहिली पोस्टडॉक निवडताना काय विचारायचं? शेतातला तांबेरा, मॉडेल वनस्पती की धान्यातलं अफ्लाटॉक्सिन

तांबेरा:

नमस्कार मंडळी. माझी पीएचडी गव्हाच्या पानांवरच्या तांबेऱ्यावर, म्हणजे बुरशीमुळे होणाऱ्या रोगावर, आहे. थिसिस जमा केलाय, तोंडी परीक्षा बाकी आहे. एक पेपर प्रथम लेखक म्हणून छापून आलाय, दुसरा परीक्षकांकडे पडून आहे. सध्या पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-नोकरीच्या) जाहिराती वाचणं आणि अर्ज करणं हाच उद्योग चालू आहे. तीन ठिकाणी बोलणं बरंच पुढे गेलंय, तिन्ही वेगवेगळ्या देशांत.

पहिली जागा एका आंतरराष्ट्रीय पीक संशोधन केंद्रात आहे. दोन वर्षांचा करार. प्रौढ झाडांमधला तांबेऱ्याचा प्रतिकार शेतावर मोजायचा आणि त्यामागची जनुकं गुणसूत्रांवर कुठे आहेत ते शोधायचं. प्रोजेक्ट आधीपासून चालू आहे, त्यांचा आधीचा माणूस सोडून गेलाय.

दुसरी जीवशास्त्राच्या संस्थेत, तीन वर्षं. वनस्पती रोगजंतूला ओळखतात कशा, हा विषय. पण सगळं काम अराबिडॉप्सिस आणि निकोटियाना बेंथामियाना या मॉडेल वनस्पतींवर (प्रयोगशाळेत सोयीच्या म्हणून वापरतात त्या), शेताचा संबंध नाही. लॅबप्रमुखांचं नाव फार मोठं आहे.

तिसरी अन्नविज्ञान विभागात, साठवणीतल्या धान्यातल्या अफ्लाटॉक्सिनवर, म्हणजे बुरशीच्या विषावर. एक वर्ष, पुढे वाढेल असं तोंडी सांगितलंय. निम्मा निधी एका कंपनीचा आहे.

माझा जीव पहिल्या जागेत आहे. गाइड म्हणतात दुसरी घे, नाव आयुष्यभर पुरतं. घरचे म्हणतात, दोनपेक्षा तीन वर्षं बरी. मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं म्हणतात तेव्हा मी पगार आणि सुरू व्हायची तारीख यापलीकडे जात नाही. पुढच्या आठवड्यात पहिल्या दोघांशी शेवटचं बोलणं आहे. काय विचारू?

गव्हाळी:

तांबेरा, आधी अभिनंदन. पीएचडीच्या शेवटाला तीन दारं उघडी असणं सोपं नाही.

मीही गव्हाच्या रोगप्रतिकारावरच काम करते, आणि अलीकडे पोस्टडॉक निवडणाऱ्या समित्यांवर असते. माझं तुम्हाला एकच कळकळीचं सांगणं आहे. करार किती वर्षांचा आहे यापेक्षा त्यात किती हंगाम बसतात ते मोजा. जाहिरातीत महिने लिहिलेले असतात, हंगाम कुणी लिहीत नाही, आणि आपल्या विषयात काम हंगामाने होतं.

हे नीट मांडते, कारण इथे माणसं फार अडकताना पाहिली आहेत. समजा करार पेरणीनंतर दीड महिन्याने सुरू झाला. पहिलं पीक तुमच्या येण्याआधीच जमिनीत गेलंय. कोणते वाण कुठे लावले, किती पुनरावृत्त्या घेतल्या, रोग पसरावा म्हणून लावायच्या रोगट वाणाच्या रांगा कुठे टाकल्या, हे सगळं दुसऱ्याने ठरवलंय. दुसरा हंगाम पूर्ण तुमचा. तिसरी पेरणी कराराच्या शेवटच्या आठवड्यांत येते, पण झाडं झेंडापानावर (ओंबीखालच्या सगळ्यांत वरच्या पानावर) येऊन रोग मोजायची वेळ होईपर्यंत तुमचं ओळखपत्र परत घेतलेलं असतं. म्हणजे कागदावर दोन वर्षं आणि हातात एक हंगाम. एका हंगामाच्या नोंदी घेऊन पेपर पाठवलात की परीक्षकाचा पहिला प्रश्न ठरलेला: दुसऱ्या वर्षी किंवा दुसऱ्या ठिकाणी हेच दिसलं का? आणि त्याचं बरोबरच आहे. तांबेरा किती वाढला यात त्या वर्षीच्या दवाचा आणि तापमानाचा हात मोठा असतो.

तुमच्या विषयात तर पळवाटही नाही. रोपावस्थेतला प्रतिकार हरितगृहात दोन-तीन आठवड्यांत दिसतो. तुम्ही जो मोजणार तो प्रौढ झाडाचा. एलआर ३४ सारखं तांबेऱ्याला रोखणारं जनुक घ्या. तेच पिवळा तांबेरा आणि भुरी यांनाही अंशतः रोखतं, २००९ मध्ये त्याचा डीएनए-क्रम सापडला, पण त्याचा खरा परिणाम दिसतो मोठ्या झाडाच्या झेंडापानावर. हरितगृहात रोज २२ तास प्रकाश देऊन वासंतिक गव्हाच्या वर्षाला ६ पिढ्यांपर्यंत घेता येतात. पैदाशीला ही पद्धत वरदान आहे. तरी शेतातला रोग त्याने वर्षात सहा वेळा मोजता येत नाही. त्यामुळे त्यांच्याकडे अशी जादा प्रकाशाची खोली आहे का हे जरूर विचारा (हंगाम नसताना संकराचं काम पुढे जातं), पण तिच्यावर विसंबून दोन वर्षांचा आराखडा आखू नका.

आता बियाण्याचं. 'आमच्याकडे तीनशे वाणांचा संच आहे' असं मुलाखतीत सांगतात. तो आत्ता कुठे आहे ते विचारा. त्यांच्या शीतगृहात आहे, की दुसऱ्या देशातल्या जनुकपेढीकडून यायचाय? गहू हा अन्न व शेतीच्या वनस्पती जनुकसंपत्तीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतलं पीक आहे. तो करार २००४ पासून लागू आहे आणि बियाणं देण्याघेण्याचा मसुदा ठरलेला आहे, त्यामुळे ते कागद तुलनेने लवकर होतात. वेळ खातं ते नंतरचं: रोगमुक्ततेचा दाखला, आयात परवाना, काही ठिकाणी विलगीकरणात एक पिढी वाढवून तपासणं. त्यातच पेरणीची वेळ टळते. तांबेऱ्याच्या बीजाणूंचे परवाने आणखी वेगळे. आणि तांबेरा जिवंत झाडावरच जगतो हे तुम्हाला मी सांगायला नको. उणे ८० अंशांत ठेवलेले बीजाणू बाहेर काढून, उष्णतेने जागे करून, रोगट वाणावर वाढवून शेताला पुरतील इतके करायलाही आठवडे लागतात. हे कोण करतं तिथे? एखादा कसलेला तंत्रज्ञ असेल तर अर्धी लढाई जिंकली. 'ते तुम्हीच बघायचं' असं उत्तर आलं तर पहिल्या वर्षातले दोन महिने तिकडे धरून चाला.

प्रोजेक्टचा पैसा कोणत्या तारखेला संपतो, हा यापुढचा प्रश्न. तुमचा करार नव्हे, प्रोजेक्ट. तुमच्या आधीचा माणूस मधेच गेलाय म्हणता, म्हणजे घड्याळ आधीच सुरू आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलीला अशाच जागेवर दोन वर्षं म्हणून घेतलं आणि दुसऱ्या पेरणीच्या तोंडावर निधी संपला म्हणून थांबवलं. संस्थेने नियम मोडला नव्हता, करारात 'निधी असेपर्यंत' हे शब्द होते. तिचा उभा प्लॉट दुसऱ्याने कापला. आजही ते आठवलं की मला वाईट वाटतं. ते शब्द तुमच्या मसुद्यात शोधा.

हे सगळं वाचून पहिली जागा नको असं वाटलं असेल तर थांबा. माझं मत उलट आहे. अशा चालू प्रोजेक्टमध्ये एक ठेवा असतो, मागच्या वर्षांच्या नोंदी. त्या मिळणार असतील तर एक-दोन हंगामांची जागासुद्धा सोनं आहे.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेले तेव्हा २९ वर्षांचे होते आणि जागा तात्पुरती होती. संख्याशास्त्रातलं मोठं नाव कार्ल पिअर्सन यांच्याकडे, लंडनच्या नामांकित प्रयोगशाळेत, त्यांना संधी होती; ती त्यांनी घेतली नाही. रॉथॅमस्टेडच्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून गव्हावर खतांचा प्रयोग चालू होता. दरवर्षीच्या उत्पादनाचे आकडे साठले होते आणि त्यांतून काय निघतं ते काढणारा माणूस केंद्राला हवा होता. फिशर यांचा १९२१ चा पीक-उत्पादनातल्या बदलांवरचा लेख या दुसऱ्यांनी जमवलेल्या आकड्यांवर उभा आहे. ते तिथे १९३३ पर्यंत राहिले, आणि प्लॉट यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे) लावणं, ठोकळे पाडणं (सारख्या जमिनीचे गट करणं), प्रसरणाचं विश्लेषण (फरक कशामुळे किती ते वेगळं काढणं), म्हणजे आज आपण प्रत्येक चाचणीत जे करतो ते त्या काळात घडलं. पहिल्या हंगामाची वाट बघत बसावं लागलं नाही, कारण कपाटात ७० हून अधिक वर्षांचे हंगाम होते.

म्हणून सरळ विचारा: आधीच्या हंगामांच्या नोंदी मला मिळतील का, त्यांवर मी प्रथम लेखक म्हणून लिहू शकतो का, आणि सोडून गेलेल्या माणसाचा त्यावर किती हक्क आहे? शेवटचा भाग महत्त्वाचा. त्या व्यक्तीने वाफ्यांत वाकून नोंदी घेतल्यात, तिचं नाव लेखकांत यायलाच हवं. ते आधी ठरलं की पुढे कुणाचं मन दुखावत नाही.

मोठ्या नावाबद्दल थोडक्यात. नावाने अर्ज वाचला जातो हे खरं. पण खूप संस्थांनी २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यावर सह्या केल्यात, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्यावरून) माणूस जोखायचा नाही असं त्यात मान्य केलंय, आणि मी बसते त्या समित्यांत आता 'यात तुम्ही स्वतः काय केलंत' हे खरोखर विचारलं जातं. त्या लॅबमधून अलीकडे बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना लिहा. प्रमुखांनी सुचवलेल्यांना नको, पेपरवरची नावं बघून तुम्हीच शोधा.

पेशीभित्तिका:

गव्हाळी यांचा हंगामाचा मुद्दा पटला. पण दुसऱ्या जागेच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहितो. मी मॉडेल वनस्पतींवरच वाढलो आहे.

निकोटियानाच्या पानात आज जनुक सोडलं की दोन-चार दिवसांत प्रतिकाराची प्रतिक्रिया होते की नाही ते दिसतं. अराबिडॉप्सिसची पिढी साधारण दोन महिन्यांत पूर्ण होते. कल्पना चुकली तर महिन्याभरात कळतं, पुढची घेता येते. नुकत्याच पीएचडी झालेल्या माणसाला तीन वर्षांत असं शंभर वेळा पडून उठायला मिळणं फार मोलाचं आहे. शेतातल्या जनुकाला नावापलीकडचा अर्थही शेवटी अशाच लॅबमध्ये मिळतो.

तिथे विचारायचं ते असं: हा प्रश्न लॅबमध्ये आणखी कुणाकडे आहे का, आणि जाताना यातलं काय मी माझ्याबरोबर नेऊ शकेन? मोठ्या लॅबमध्ये एकाच प्रश्नावर दोघांना ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. जो आधी पोचेल त्याचा पेपर. ते वातावरण मी जवळून पाहिलंय, त्यात चांगली माणसं कडवट होतात. आणि 'नेता येणार नाही' असं उत्तर आलं तर पुढे स्वतःची लॅब कशावर उभी करणार? तीन वर्षांनी हाच प्रश्न तुम्हाला मुलाखतीत येईल.

अजून एक, ज्याकडे बहुतेकांचं लक्ष उशिरा जातं. फेलोशिपांचे दरवाजे तारखांवर उघडतात आणि मिटतात. युरोपातली मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिप घ्यायची तर अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही. म्हणजे आज तुम्ही ज्या देशात प्रोजेक्टची नोकरी घ्याल, तिथेच वर्ष-सव्वा वर्षाने स्वतःची फेलोशिप मागायला गेलात तर दार बंद. पीएचडीनंतरच्या संशोधन अनुभवालाही ८ वर्षांची मर्यादा आहे. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संघटनेच्या फेलोशिपची घड्याळं आणखी घट्ट आहेत, पीएचडीनंतर २ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. ह्यूमन फ्रंटिअर सायन्स प्रोग्रॅम या आंतरराष्ट्रीय निधीची ३ वर्षांची फेलोशिप तर आधीच्या कामापासून लक्षणीय वेगळी वाट धरणाऱ्यालाच मिळते. तुमच्यासारखा शेतातून रेणूंकडे वळणारा माणूस तिथे शोभतो. तेव्हा तीन जागांची तुलना करताना तीन देशही मांडा. ज्या देशात तुम्हाला नंतर फेलोशिपवर राहायचंय, तिथली प्रोजेक्टची नोकरी आज घेऊ नका.

मुरवण:

तिसऱ्या जागेला सगळ्यांनी वाऱ्यावर सोडलं की! मी अन्नसुरक्षेत आहे.

अफ्लाटॉक्सिन हा विषय हलका समजू नका. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, त्या शोधातून हे विष सापडलं. युरोपात धान्यातल्या अफ्लाटॉक्सिन बी१ (त्याचा एक प्रकार) ची मर्यादा किलोला २ मायक्रोग्रॅम आहे. इतकं कमी मोजणारं यंत्र आज मिळतं, खरी अडचण नमुना घेण्यात आहे. विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, पोत्यातले मोजके दाणे भरलेले असतात आणि बाकीचे स्वच्छ. त्यामुळे एकूण चुकीचा मोठा वाटा यंत्राआधीच घडून गेलेला असतो. फिशरच्या विद्येला इथे भरपूर काम आहे, आणि हे ज्याला येतं त्याला विद्यापीठ, तपासणी प्रयोगशाळा, उद्योग, तिन्हीकडे विचारतात.

पण तुमच्या त्या जागेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ताच्या अटींवर घेऊ नका. साठवणीचा प्रयोग साठवण चालते तितकाच वेळ घेतो. सहा महिने धान्य ठेवून बुरशी कशी वाढते बघायचं तर सहा महिने जातात, आणि एका वर्षात असा प्रयोग फार तर एकदा उलटून करता येतो. मुदतवाढ तोंडी. वर कंपनीचा निधी. अशा करारांत निकाल छापण्याआधी कंपनीला दाखवायचं कलम असतं, पेटंटसाठी काही काळ थांबवण्याचंही असतं. कलम असणं गैर नाही. पण थांबवण्याची मुदत आकड्यात लिहिलेली हवी आणि 'नको' म्हणण्याचा अधिकार कंपनीला नको. वर्षाचा करार आणि छपाई थांबवायची मुदतही जवळपास तितकीच असेल, तर तुम्ही तिथून रिकाम्या हाताने निघाल. ते दोन वर्षं लेखी द्यायला तयार झाले तर मात्र परत विचार करा, माझ्यासाठी तरी.

तांबेरा:

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रश्न वहीत उतरवून दोघांशी बोललो.

पहिल्या केंद्रातल्या बाई खूश झाल्या असं वाटलं. प्रोजेक्टचा पैसा माझ्या करारानंतर चार महिन्यांनी संपतो. बियाणं त्यांच्याच शीतगृहात आहे. तंत्रज्ञ अनुभवी आहे. तीन हंगामांच्या नोंदी आहेत, दोन ठिकाणच्या, आणि आधीच्या पोस्टडॉकने त्यातल्या एका हंगामावर लिहायला सुरुवात केली होती. 'तुम्ही दोघं बोलून घ्या' म्हणाल्या. फक्त त्यांना मी ताबडतोब हवा आहे, म्हणजे तुम्ही सांगितलं तसंच, पेरणी होऊन गेल्यावर. पुढची पेरणी दहा महिन्यांनी.

दुसरीकडे लॅबप्रमुख म्हणाले, विषय कुणाचा ते पहिल्या सहा महिन्यांत ठरेल. सोबत काय नेता येईल यावर 'बघू' म्हणाले.

मन पहिल्याकडेच आहे. पण ताबडतोब जाऊ का? तोंडी परीक्षेची तारीखही अजून आलेली नाही.

गव्हाळी:

छान उत्तरं मिळाली. जा, निःशंकपणे जा. इतक्या सरळपणे तारखा सांगणारी प्रमुख मिळणं हे तीन वर्षांच्या कराराहून मोठं आहे.

ताबडतोब जायचं की नाही याचा हिशोब असा करा. चोवीस महिन्यांतले पहिले दहा पेरणीविना जाणार. मग एक पूर्ण हंगाम, आणि दुसऱ्याची पेरणी बाविसाव्या महिन्यात. रोगाच्या नोंदी घ्यायची वेळ येते तेव्हा करार संपलेला. पण निधी पुढे चार महिने आहे! पेरणीपासून झेंडापानावरच्या शेवटच्या नोंदीपर्यंतचा काळ त्यात बसतो का ते त्यांच्या भागाच्या पीक-वेळापत्रकावर तपासा. बसत असेल तर आत्ता, सही करण्याआधी, करार निधीच्या शेवटापर्यंत वाढवून मागा. आत्ता ही मागणी एका वाक्याची आहे. दीड वर्षाने तीच अर्ज, शिफारस आणि वाट बघणं होते, आणि तोवर उरलेले पैसे दुसरीकडे वळलेले असतात.

बसत नसेल तर दुसरा पर्याय, चार-पाच महिन्यांनी रुजू होणं. तोवर तोंडी परीक्षा आणि दुसऱ्या पेपरच्या दुरुस्त्या आटपतील. अनेक संस्था पीएचडी मिळाल्याचं पत्र हातात आल्याशिवाय पोस्टडॉकच्या पदावर घेतच नाहीत, किंवा तोवर खालच्या पदावर ठेवतात, तेव्हा मनुष्यबळ विभागाला हे आजच विचारा. मात्र उशिरा रुजू झालात तर करार पूर्ण २४ महिन्यांचाच राहतो की निधीच्या तारखेला कापला जातो, हेही लेखी घ्या.

पेरणीआधीचे ते महिने रिकामे समजू नका. तीन हंगाम आणि दोन ठिकाणं म्हणजे वाण आणि वातावरण यांचा परस्परपरिणाम नीट मांडता येईल इतका मालमसाला आहे. मिश्र प्रारूपं (वाण, वर्ष, ठिकाण यांचे परिणाम एकत्र मोजायची संख्याशास्त्रीय पद्धत) हाताखालून गेली नसतील तर आताच आर या संगणक-भाषेत बसून शिका. नोंदी मागताना अंतिम टक्केवारीचा तक्ता नको, मूळ वही मागा: कोणत्या तारखेला, कोणत्या प्लॉटला, कॉब मापपट्टीवर (पानाचा किती टक्के भाग रोगट ते नजरेने मोजायच्या पट्टीवर) किती, आणि नोंद कुणी घेतली. दोन माणसांची नजर सारखी नसते. एकाचे ४० ते दुसऱ्याचे ६० असतात, आणि ते कुणी लिहून ठेवलं नसेल तर तुम्हाला जनुकाचा परिणाम वाटेल तो निव्वळ नोंदणाऱ्याचा निघेल. रोग दर आठवड्याला मोजलाय की एकदाच, हेही बघा. एकदाच असेल तर रोगवाढीच्या वक्राखालचं क्षेत्रफळ, म्हणजे हंगामभरातल्या एकूण रोगाचा एकच आकडा, काढता येणार नाही आणि पेपरचा आराखडा बदलावा लागेल.

आधीच्या पोस्टडॉकला मात्र तुम्ही स्वतः लिहा, बाईंमार्फत नको. ज्या हंगामावर त्याने लिहायला घेतलंय तो पेपर त्याचा, प्रथम लेखक तो, तुम्ही मदत करणार. तिन्ही हंगामांचं एकत्रित विश्लेषण तुमचं, त्यात त्याचं नाव. इतकं दोन ओळींत लिहून पाठवा आणि उत्तराची प्रत बाईंना द्या. त्याच पत्रात त्याला विचारा की शेताचा कोणता कोपरा नेहमी जास्त रोगट असतो. हे कुठल्याच फाइलमध्ये नसतं, आणि पुढच्या चाचणीचे ठोकळे कसे पाडायचे ते त्यावर ठरतं.